हा गेम कोणाला बरा?

जगन म्हात्र्याला कोणतीच गोष्ट पसंत पडत नाही, हे करंजाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. विमानतळासाठी गाव उठलं, सगळी भावकी इथे प्लॉटवर येऊन राहिली, आणि तेव्हापासून त्याची जीभ जास्तच सुटली. नव्या घराचा जिना त्याला फार उभा वाटला. नळाचं पाणी बेचव वाटलं. पनवेलच्या बाजारात जिताडा घ्यायला गेला की कोळणीशी भांडून रिकाम्या पिशवीने घरी यायचा. डोक्यावरून विमानं जायला लागली तेव्हा अंगणात उभं राहून त्याने पायलटला शिव्या घातल्या. पायलटला ऐकू गेल्या नसतील, शेजारपाजारच्यांना मात्र स्पष्ट ऐकू गेल्या.

त्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने घरात बसायला सांगितलं. घरात बसलेला जगन ही त्याच्या बायकोला, आशालताला, न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा होती. डाळ पातळ, उशी जाड, पंखा हळू. शेवटी निशा मदतीला धावली. निशा ही त्याच्या धाकट्या भावाची, हरेशची मुलगी. महापेला एका कंपनीत गेम बनवायचंच काम करते. तिने आपला जुना गेमचा डबा आणला, जगनच्या टीव्हीला जोडला आणि रिमोट त्याच्या हातात दिला.

"मोठेबाबा, शिव्या द्यायच्याच आहेत ना, मग ह्यांना द्या. हे उलट बोलत नाहीत."

सुरुवातीला त्याची गाडी भिंतीवर आपटायची आणि त्याचा सैनिक आभाळाकडे बघत गोल गोल फिरायचा. पण माणूस मुळात हट्टी. एकेक गेम त्याने रगडून संपवला, आणि संपवला की भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजी मेसेज टाकायला लागला. 'म्हात्रे परिवार' नावाच्या ह्या ग्रुपवर तोवर सकाळी गुलाबाची फुलं आणि वाढदिवसाचे केक यापलीकडे काही येत नसे. आता जगनचा घोगरा आवाज यायला लागला. गेम कसा आहे आणि कोणाला बरा आहे, एवढंच सांगायचा. पण ते 'कोणाला बरा' ऐकताना प्रत्येकाला वाटायचं, आता आपलं नाव येणार.

"शेतीचा गेम खेळलो. कोंबडी रोज अंडा देते, पाऊस टायमावर पडतो, गाय लाथ मारत नाय. बांधाला भाऊबंद नाय. भाऊबंद नसल्यावर शेती कोन पन करील. ज्यानी जन्मात चिखलात पाय घातला नाय त्याला बरा. परेशला द्या."

परेश हा चुलतभाऊ. रेती-खडीचा धंदा करतो, पांढरे बूट घालतो आणि भाषणात स्वतःला भूमिपुत्र म्हणवतो. तो महिनाभर जगनशी बोलला नाही. जगनला त्याचं काहीच वाटलं नाही.

"लढाईचा गेम. मेला का परत उठतो, मेला का परत उठतो. लाज नाय. निवडणुकीला उभं राहनाऱ्यांना बरा."

"शहर बांधायचा गेम. बोट लावला का घर पडतं, बोट लावला का रस्ता जातो. घरातली मानसं बोंबलत नाय, मोर्चा नाय, काय नाय, गपचूप निघून जातात. हा खेळताना मला घाम फुटला. सायबलोकांना लई आवडंल."

आणि एकदा, भुताचा गेम खेळल्यावर, "मोठं घर हाय. एकट्यानी फिरायचं. खोली उघडायची, आत कोन नाय. दुसरी उघडायची, आत कोन नाय. याला हे लोक घाबरतात? मी रोज खेळतो, फुकट." त्या खेपेला कोणाला बरा ते सांगायचं तो विसरला. आशालताने स्वयंपाकघरातून ते ऐकलं आणि भांडी जरा जोरात आपटली.

हे सगळं भावकीने हसून, कधी चडफडून सहन केलं असतं. पण हरेशशी त्याचं जे बिनसलं त्याला गेमचं निमित्त नव्हतं. हरेशने शेजारच्याच प्लॉटवर घर बांधलं, दोन घरांत एका कुंपणाचं अंतर. वास्तुशांतीचं आमंत्रण त्याने घाईघाईत ग्रुपवर टाकलं, त्या गुलाबाच्या फुलांमध्ये. आता आमच्याकडे बोलावणं म्हणजे अक्षत. कुंकू लावलेले तांदूळ वाटीत घ्यायचे, घरच्या माणसाने पायी दारात यायचं, हातावर ठेवायचे. शेजारी असो नाहीतर लांब चिरनेरला असो. आणि वडीलभावाला तर पहिली. हरेशला वाटलं, एका कुंपणापलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाला अक्षत कसली द्यायची, तो काय परका आहे? मूर्खपणाच केला, दुसरा शब्द नाही. परक्याला कमी-जास्त झालं तर तो विसरतो. सख्खा विसरत नाही.

जगन गेला नाही. दिवसभर खिडकीत बसून शेजारच्या पंगती उठताना बघत राहिला, आणि संध्याकाळी ग्रुपवर मेसेज टाकला, "हॉटेलचा गेम खेळलो. गिऱ्हाइकाला फोनवरून बोलवायचं, जेवलं नाय जेवलं बघायचं नाय, ताट उचलायचं. हरेशला बरा."

हरेशची बायको दमयंती, स्वयंपाकात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, ती ते ऐकून रडली. मग हरेशही पेटला. "आधी दादानी तोंड आवरावं, मग मी अक्षत घेऊन जाईन," असं तो चारचौघांत बोलला. जगनपर्यंत ते पोचायला वेळ लागला नाही. "आधी अक्षत, मग तोंड," तो म्हणाला. झालं. दोघं त्यावर अडून बसले. कुंपणाच्या दोन बाजूंना दोघं एकाच वेळी तोंड धुवायचे, चुळा भरायचे आणि एकमेकांकडे पाठ करायचे. वर्षं गेली, तरी कोणी हलला नाही.

आणि आता निशाचं लग्न ठरलं. मुलगा उलव्याचा. मांडव हरेशच्या दारात पडणार, पण त्या मांडवात मोठा काका असणार का? गावात कोणाचंही लग्न असो, मांडवाचा पहिला खांब, मुहूर्ताची मेढ, उभी करायला जगन लागायचा. त्याला वाकडं बघवत नसे. एक डोळा मिटून बघायचा, शिव्या द्यायचा, उपटायला लावायचा. परेशच्या बहिणीच्या लग्नात त्याच्यापायी भटजीचा मुहूर्त टळायची वेळ आली होती, आणि भटजीने हात जोडले तेव्हा जगनने भटजीलाच पहार धरायला लावली. ती आठवण काढून लोक अजून हसतात. आता मात्र हरेश म्हणाला, "मेढ मीच लावीन. माझे पन हात हायेत."

निशाची अवस्था वाईट झाली. नवरीने स्वतःच्या लग्नाची अक्षत द्यायची पद्धत नाही, आणि बापाला सांगून बाप ऐकत नव्हता. जगनने आजवर सगळ्या भावकीला गेमचे फटके दिले होते, फक्त निशाला सोडून. तिच्यावर त्याचा जीव होता. त्याला स्वतःचं मूल नाही, आणि ही पोर रांगायला लागल्यापासून त्याच्याच ओट्यावर वाढली. हे तो कधी कोणाजवळ बोलला नव्हता.

मग एका रविवारी निशाने ग्रुपवर एक लिंक टाकली. खाली लिहिलं होतं, "हा गेम मी स्वतः बनवलाय, कंपनीचा नाही. नाव 'अक्षत'. सगळ्यांनी खेळा. मोठेबाबा, तुम्ही खरं सांगा."

लगेच परेशचं उत्तर आलं, "आता दादांचा निकाल ऐकू द्या!" त्याच्याखाली हसून रडणारी तोंडं. जगनच्या आधी बाकी सगळ्यांनी खेळून घेतला, आणि त्यात काय आहे ते जगनला कोणी सांगितलं नाही. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं बघायचं होतं लोकांना.

जगनने चष्मा लावला, फोन उशीला टेकवला. आशालता लसूण सोलत बाजूला बसली.

पडद्यावर गाव आलं. गेलेलं गाव. वडाचा पार, देवळाची पायरी, खाडीकडे उतरणारी वाट, मिठागराचे चौकोन. जगनचा अंगठा काचेवर तसाच राहिला.

"ही वाट बग," आशालता म्हणाली.

"खाडी निळी दाखवलीय," तो खेकसला. "आपली खाडी कधी निळी होती? अडाणी."

गेम साधा होता. तुम्ही एक मुलगी. हातात अक्षतेची वाटी. लांबून घरं पाडायला पोकलेन येतंय, त्याचा आवाज हळूहळू वाढतो. ते पोचायच्या आत घरोघर जाऊन सगळ्यांना मांडवात आणायचं. मांडव भरला की गेम संपला. पण नुसत्या अक्षतेने कोणी येत नाही. एकीचं मांजर शोधून द्यायचं, एकाला जाळं ओढायला मदत करायची, एक म्हातारी फक्त तिच्याजवळ बसायला सांगते. जगनने सगळे एकेक करून आणले. परेशसुद्धा आला, पांढरे बूट पुसून दिल्यावर. जगनला तेवढं आवडलं.

राहिलं शेवटचं घर. ओट्यावर एक म्हातारा बसलेला. बनियन, गुडघ्याला पट्टा. जगनने मुलीला त्याच्यापुढे उभं केलं आणि फोनमधून जगनचाच आवाज आला.

"लाज नाय!"

आशालताच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली. निशाने त्याचे सगळे मेसेज जपून ठेवले होते आणि त्या म्हाताऱ्याच्या तोंडी घातले होते.

जगनने अक्षत दिली. "भाऊबंद नसल्यावर शेती कोन पन करील," म्हातारा म्हणाला आणि तोंड फिरवलं. जगनने जिताडा आणून दिला. "हॉटेलचा गेम!" म्हातारा ओरडला. चपला आणून पायांशी ठेवल्या. पाणी दिलं. बाजूला बसवून पाहिलं. म्हाताऱ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. लांबून पोकलेन आलं, मांडवात बसलेली माणसं वाट बघून उठली, एकेक करून गेली, आणि म्हातारा रिकाम्या गावात ओट्यावर बसून घरांना शिव्या देत राहिला. पडदा काळा झाला. पुन्हा खेळा, असं आलं.

तो पुन्हा खेळला. जेवण टाकून खेळला. आयुष्यात कोणाचा आला नसेल एवढा राग त्याला त्या म्हाताऱ्याचा आला. हा कोण लागून गेला? एवढी माणसं खोळंबलीयत, पोरगी हातात वाटी घेऊन उभी आहे, आणि ह्याचा ताठा बघा!

"काय पायजे तुला?" तो फोनवर ओरडला. "बोल ना, काय पायजे?"

"त्याच्या नादी लागू नका," आशालता लसूण सोलत म्हणाली. "तो ऐकनारा नाय. मी जन्मभर बगते."

जगनने तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर उठून गेली असती. ती सोलत राहिली. शेवटी त्याने निशाला फोन लावला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"ह्या म्हाताऱ्याला न्यायचा कसा?"



"मला माहीत नाही, मोठेबाबा," निशा म्हणाली. "बाकी सगळ्यांना काय हवंय ते सुचलं. त्याचं नाही सुचलं. खूप प्रयत्न केला. म्हणून तो भाग तसाच सोडलाय. तो येतच नाही."

"म्हनजे गेम अर्धा हाय?"

"हो."

"अर्धा गेम लोकांना दिलास? शरम नाय वाटत?"

"वाटते ना," ती म्हणाली. "लग्न पण तसंच होणार आहे, मोठेबाबा. अर्धं."

जगनने फोन ठेवला. उठला, अंगणात गेला, कुंपणापाशी उभा राहिला. पलीकडे हरेशच्या दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. एक विमान गेलं आणि त्याने त्याला शिवी दिली नाही. तेव्हा आशालताला खरी काळजी वाटली.

पुढे काही दिवस ग्रुपवर त्याचा आवाज आला नाही. परेशने डिवचून पाहिलं, "दादांची बोलती बंद!" तरी नाही. मेढ लावायचा दिवस उद्यावर आला, आणि दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

"निशाचा गेम खेळलो," जगनचा आवाज म्हणाला. "खाडी निळी हाय, ते चूक. मिठागरात बाया कोरड्या पायानी चालतात, ते चूक. वडाचा पार लहान केलाय. देवळाची घंटा असली किरटी वाजत नव्हती. परेशला फार चांगला दाखवलाय. आनि तो म्हातारा. असला हेकट मानूस मी बघितला नाय. पोरीनं त्याला अक्षत दिली तरी येत नाय. कसा येईल? एवढी वरसं अडून बसला, आता तांदूळ बघून उठला तर भावकी हसंल. परेश पयला हसंल. त्याला मासली नको, पानी नको. निशा, ऐक, असल्या मानसाला बोलवायचंच नसतं. त्याला जाऊन फक्त सांगायचं, मेढ वाकडी लागलीय. बस. शिव्या देत येईल, पन येईल. एवढं तुला सुचलं नाय आनि गेम बनवतेस. गेम कोनाला बरा ते आता सांगत नाय. अर्ध्या गेमचा निकाल नसतो."

ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. परेशनेही नाही. हरेशने ऐकलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

त्या दिवशी जगनने कशालाच नावं ठेवली नाहीत. सांगून तर बसला होता, आता परत घेता येत नव्हतं. कोणी आलं नाही तर? ह्या वयात, सगळ्या भावकीच्या कानात स्वतःच्या तोंडाने सांगून बसलो, आणि कोणी आलंच नाही तर? भीती वाटली त्याला. गाव उठताना पोलीस आले होते तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

सकाळी शेजारी माणसं जमली. बायकांचा आवाज, भांड्यांचा आवाज, पहारीने खड्डा खणल्याचा आवाज. जगन पाठ करून चहा पीत होता. चहा केव्हाच संपला होता. आशालताने न विचारता त्याचा पांढरा सदरा खुर्चीवर टाकून ठेवला होता, आणि तो त्याला दिसतच नव्हता.

खणणं थांबलं. मेढ उभी राहिली असणार. आता पूजा होईल, मग संपलंच.

"दादा!"

जगन वळला नाही. कुंपणाच्या फाटकात हरेश उभा होता, हाताला माती, अंगावर घामाने भिजलेला नवा सदरा. इतक्या वर्षांत त्याने ह्या फाटकाला हात लावला नव्हता. तो भावाकडे बघत नव्हता, वर पत्र्याकडे बघत होता, आणि आवाज भांडायला आल्यासारखाच होता.

"मेढ वाकडी लागलीय!"

"लागनारच," जगन कपाकडे बघत म्हणाला. "लावली कोनी?"

"मी."

"मग सरळ कशी लागंल?"

"तेच सांगायला आलो. येतोस का बोंबलत बसतोस हितं?"

जगनने सदरा घातला, उलटा. आशालताने सरळ करून दिला. गुडघा दुखत असतानाही तो फाटकातून हरेशच्या पुढे गेला.

मांडवाच्या जागी सगळी भावकी उभी होती. परेश पांढऱ्या बुटांत होता आणि हसत नव्हता. दमयंती पदर तोंडाला लावून दारात उभी. निशा आतल्या उंबऱ्यात, अजून हळद लागायची होती. मधे मेढ. तिच्या टोकाला आंब्याचे टहाळे, उंबराची फांदी, पूजेचं ताट बाजूला, अजून कुंकू लागलं नव्हतं.

जगन समोर उभा राहिला. एक डोळा मिटला. मग उजवीकडून पाहिलं. मग मागे जाऊन पाहिलं. तो परत पुढे आला आणि थांबला, कारण मेढ अगदी सरळ होती. त्याने स्वतः लावली असती तर याहून सरळ लागली नसती. हरेशने त्याच्याचकडे बघून बघून शिकलेलं, आणि आता तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"कोनत्या आंधळ्यानी लावलीय ही?" जगन ओरडला. "उपटा!"

भटजींनी कपाळाला हात लावला. हरेशने एक शब्द न बोलता पहार घेतली. दोघा भावांनी खांद्याला खांदा लावून मेढ उपटली, खड्डा साफ केला, आणि ती परत त्याच खड्ड्यात, त्याच जागी उभी केली. जगनने धरली, हरेशने माती ठोकली. मग हरेशने जगनच्या हातांवर आपले हात ठेवून मेढ घट्ट धरली.

"आता?" हरेशने विचारलं.

जगनने एक डोळा मिटून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत पाणी होतं, त्याला काही दिसत नव्हतं.

"आता बरी हाय," तो म्हणाला. "मगाशी लई सरळ होती."